मानसशास्त्र कोणासाठी?

दहावीचा निकाल लागला की खानदेशातील घराघरांत मुलांची वाटणी सुरू होते. भरपूर गुण मिळविणारा विज्ञानाकडे जातो, घरी दुकान असणारा किंवा हिशेबाच्या नोकरीची आशा धरणारा वाणिज्याकडे जातो, आणि जो उरला तो कलाशाखेत. ही वाटणी मुलाच्या आवडीने होत नाही. ती गुणपत्रिकेने होते, बापाच्या ऐपतीने होते आणि गावापासून एस. टी. ने जाता येईल अशा अंतरावर कोणते कनिष्ठ महाविद्यालय आहे, ह्यावरून होते. कलाशाखेत गेल्यावरही निवडीचा प्रश्न संपलेलाच असतो. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा ठराविक विषयांचा गट मुलापुढे ठेवला जातो आणि त्यावर सही करून तो वर्गात जाऊन बसतो. मानसशास्त्र हा राज्य मंडळाचा मान्यताप्राप्त विषय आहे. त्याचे मराठी पाठ्यपुस्तक उपलब्ध आहे. अकरावीचे नवे पुस्तक २०१९ साली आणि बारावीचे २०२० साली बालभारतीने काढले. परंतु पुस्तक असणे वेगळे आणि विषय मिळणे वेगळे. जळगाव वा धुळे शहरातील मुलाला हा विषय मिळण्याची काही शक्यता तरी असते. शहरापासून सातपुड्याच्या पायथ्याकडे किंवा साक्रीच्या माळाकडे सरकावे तसतशी ती शक्यता विरळ होत जाते.

ह्यावर कोणी म्हणेल की, कापसाला भाव नाही, केळीच्या बागा वादळात आडव्या होतात, शाळांतील शिक्षकांच्या जागा भरल्या जात नाहीत, अशा वेळी बारावीला एक विषय असला काय आणि नसला काय! चळवळीतील अनेक जुन्या कार्यकर्त्यांनाही मनाचे शास्त्र हे पोट भरलेल्यांचे शास्त्र वाटते. भाकरीचा प्रश्न सुटला की मनाचे प्रश्न आपोआप सुटतील, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. ह्या समजुतीत तथ्याचा अंश आहे आणि त्याचा विचार पुढे करावाच लागेल. परंतु ती संपूर्ण सत्य नाही, हे मान्य करण्याची वेळ येऊन ठेपली आहे.

सरकारच्याच राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे पाहावेत. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४ विद्यार्थी एकट्या महाराष्ट्रातील होते. प्रगत म्हणून मिरविणाऱ्या, शिक्षणसंस्थांचे जाळे गावोगाव विणल्याचा अभिमान बाळगणाऱ्या राज्याला हा आकडा खाली मान घालावयास लावणारा आहे. २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. ते १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्राचा समावेशही नव्हता. त्या सर्वेक्षणाने १३ ते १७ ह्या वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकाराचा त्रास असल्याचे नोंदविले. निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असेही त्यातून निष्पन्न झाले. वर्गात शंभर मुले बसली असतील तर त्यांतील सातजण एक न दिसणारे ओझे घेऊन बसलेले असतात, आणि त्या ओझ्याला काय म्हणावे हे ना त्यांना ठाऊक असते ना त्यांच्या गुरुजींना.

खानदेशाच्या वाट्याला ह्या बाबतीत काय आले आहे? राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. ह्यांपैकी एकही खानदेशात नाही. धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावास २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु शिरपूर वा चोपडा तालुक्यातील पाड्यावरील आईने आपल्या अबोल झालेल्या मुलीला घेऊन जिल्ह्याच्या गावी यावे, केसपेपर काढावा, दिवसाची मजुरी बुडवावी आणि मग आपल्या बोलीत न बोलणाऱ्या डॉक्टरपुढे मुलीचे दुःख मांडावे, ही अपेक्षा म्हणजे उपचार नाकारण्याचाच एक सभ्य प्रकार होय. २०१५ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राज्य सरकारने समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' आखला, तो विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी. त्या जिल्ह्यांची गरज मोठी होती, ह्यात वाद नाही. पण तापीकाठच्या कापूस उत्पादकाचे कर्ज काही वेगळ्या जातीचे नसते, हे सरकारच्या ध्यानात आले नाही.

आता सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाकडे वळावे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांसंबंधीच्या एका प्रकरणात न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ज्या संस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत, तेथे किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संबंध जोडून ठेवावयाचा आहे. आदेश उत्तम आहे. परंतु त्याच्या अंमलबजावणीचा हिशेब कोणी मांडला आहे काय? जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, ह्या तीन जिल्ह्यांत शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा, आश्रमशाळा आणि महाविद्यालये किती असतील, ह्याचा नुसता अंदाज केला तरी प्रश्नाचे स्वरूप कळते. एवढे समुपदेशक आणावयाचे कोठून? पुण्या-मुंबईहून कोणी धडगाव-अक्कलकुव्यास राहावयास येणार नाही. आला तरी पावरी, भिलोरी वा अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या मनात त्याला शिरता येणार नाही.

खरी मेख येथे आहे. समुपदेशक हा काही आदेशाने उगवत नाही. बारावीला ज्याने मानसशास्त्राचे नाव ऐकले, त्याला त्या विषयात बी. ए. करावेसे वाटते, बी. ए. केलेल्यांतून काहीजण एम. ए. कडे जातात, त्यांतून पुढे कोणी शिक्षक होतो, कोणी समुपदेशक, कोणी प्रशिक्षण घेऊन रुग्णालयात काम करतो. ही साखळी आहे आणि तिची पहिली कडी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात घडते. ती कडीच नसेल तर पुढची सारी साखळी शहरातील मुलांच्या हाती राहते. मग तडवी, भिल्ल, पावरा, कोकणा समाजांतील मुलांसाठी जे समुपदेशक येतील, ते त्या समाजांतून कधीच येणार नाहीत. १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन खानदेशाला जळगाव येथे स्वतःचे विद्यापीठ मिळाले. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव दिले गेले. आसोद्याच्या ह्या निरक्षर शेतकरी स्त्रीने मनाच्या चंचलतेवर जी रचना केली, ती आज महाराष्ट्रभर पाठ आहे. तिच्या नावाच्या विद्यापीठाच्या परिसरात शेतकऱ्याच्या मुलीला मनाचे शास्त्र शिकावयाचे असेल तर ते तिच्या तालुक्यात मिळू नये, ह्याला काय म्हणावे?

ज्या समाजात दुःखाला शास्त्रीय नाव मिळत नाही, तेथे त्याला दुसरे नाव मिळते. मुलगी जेवेनाशी झाली, एकटी बसू लागली, रात्री दचकून उठू लागली, की 'बाहेरचे झाले' असे निदान होते आणि तिला भगताकडे नेले जाते. सातपुड्यात ह्याच अज्ञानाचे दुसरे टोक म्हणजे एखाद्या एकाकी स्त्रीला डाकीण ठरविणे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांनी आयुष्यभर ज्या कायद्याचा पाठपुरावा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली, त्यांच्या हत्येनंतर, अमलात आला. कायद्याने भगताला शिक्षा करता येते; पण भगताकडे जाणाऱ्या आईला दुसरा दरवाजा दाखविणे कायद्याला जमत नाही. ते काम शाळेने करावयाचे असते. बारावीच्या वर्गात नैराश्य म्हणजे काय, चिंताविकृती म्हणजे काय, त्यात कोणाचे पाप नसते आणि कोणाची करणीही नसते, एवढे जरी एका मुलीने शिकून घेतले, तरी त्या घरात, त्या गल्लीत, एक जाणता माणूस तयार होतो. बारावी झालेली ती मुलगी उपचार करणार नाही, करूही नये. पण उपचार कोठे मिळतो आणि केव्हा घ्यावयाचा हे ती सांगू शकेल. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तो क्रमांक खेड्यातील किती घरांना ठाऊक आहे?

मानसशास्त्र हे केवळ एकेकट्या मनाचे शास्त्र आहे, असे मानणे मात्र चूक ठरेल. समूहाच्या मनाचाही त्यात अभ्यास असतो, आणि त्या अभ्यासाची गरज धुळे जिल्ह्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षुकीसाठी आलेली ती माणसे होती. मारणारे काही जन्मजात क्रूर नव्हते. आदल्या दिवसापर्यंत ते शेतात राबणारे, मुलाबाळांचे संसारी लोक होते. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाने त्यांच्या मनात भीती पेरली, अनोळखी वेषाने त्या भीतीला शत्रूचा चेहरा दिला आणि गर्दीने प्रत्येकाच्या वैयक्तिक जबाबदारीचे भान पुसून टाकले. अफवा कशी पसरते, पूर्वग्रह कसा तयार होतो, गर्दीत सज्जन माणूसही दगड का उचलतो, हे प्रश्न मानसशास्त्राच्या अभ्यासाचे आहेत. त्या दिवशी त्या जमावात हे प्रश्न स्वतःला विचारणारी दहा माणसे असती तर काय झाले असते, ह्याचे उत्तर कोणी देऊ शकणार नाही. पण अशी माणसे तयार करण्याचा प्रयत्नच झाला नव्हता, एवढे निश्चित. जातिद्वेषाच्या आणि धर्मद्वेषाच्या राजकारणाशी ज्यांना लढावयाचे आहे, त्यांनी तर हे शास्त्र उपेक्षू नये. द्वेषाचे व्यापारी त्याचा वापर केव्हापासून करीत आहेत.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. कोणतेही शास्त्र कोणाच्या हाती आहे, ह्यावर त्याचे सामाजिक फळ अवलंबून असते. बुद्धिमापनाचेच उदाहरण घ्यावे. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने ह्याने जी कसोटी तयार केली, तिचा हेतू शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना अधिक साहाय्य देण्याचा होता. तीच कसोटी अमेरिकेत गेल्यावर स्थलांतरितांना आणि कृष्णवर्णीयांना हलके ठरविण्याचे हत्यार बनली. ह्याच बिनेच्या कसोटीचे मराठी आणि कानडी मुलांसाठीचे रूप व्ही. व्ही. कामत ह्यांनी धारवाड येथे कष्टाने सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परक्या देशाच्या मुलांवरून आपल्या मुलांचे मोजमाप करता येत नाही, हा त्यामागील धडा होता. तो धडा आजही लागू आहे. शहरी घरातील मुलांवरून ठरविलेल्या प्रमाणाने आश्रमशाळेतील मुलाची बुद्धी मोजली तर त्यात मुलाची परीक्षा होत नाही, मोजणाऱ्याची होते. २०१६ पासून काही वर्षे राज्यातील दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यात आली. चाचणीने मुलाचा कल कलेकडे, विज्ञानाकडे वा आणखी कशाकडे आहे हे सांगावयाचे आणि मुलाच्या गावात मात्र एकच शाखा असावयाची, असा तो प्रकार अनेक ठिकाणी झाला. कल सांगून संधी न देणे ही थट्टा होय.

ह्याहूनही मोठा धोका वेगळा आहे. आज मानसशास्त्राचा एक गोडगोड अवतार बाजारात आला आहे. सकारात्मक विचार करा, ताण घेऊ नका, स्वतःला बदला, असे तो सांगतो. कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराला, 'नीट'च्या शिकवणीचे शुल्क भरता न आल्याने खचलेल्या मुलाला, हमीभावापेक्षा कमी दराने कापूस विकावा लागलेल्या शेतकऱ्याला तो श्वासाचे व्यायाम शिकवितो. अन्यायाचे रूपांतर आजारात करावयाचे आणि आजाराची जबाबदारी आजाऱ्यावरच टाकावयाची, अशी ही युक्ती आहे. जुन्या कार्यकर्त्यांच्या समजुतीतील तथ्याचा अंश तो हाच. दुःखाची मुळे समाजरचनेत असतात आणि ती तेथेच उपटावी लागतात, हे समाजवादाने कधीही विसरता कामा नये. परंतु मूळ समाजात आहे म्हणून मनातील जखम खोटी ठरत नाही. क्षयरोग दारिद्र्यातून पसरतो म्हणून दारिद्र्य जाईपर्यंत क्षयरोग्याला औषध नाकारावे, असे कोणी म्हणत नाही. मनाच्या बाबतीतच हा न्याय वेगळा का असावा? १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी 'मुक्तांगण' उभारले, तेव्हा व्यसनामागील सामाजिक कारणे त्यांना अज्ञात होती असे नव्हे. ती ठाऊक असूनही समोरच्या माणसाचा हात धरावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि ह्या बाबतीत खानदेशाने व समाजवादी चळवळीने एक नाव आठवावे. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. पुढे १९२४ ते १९३० ह्या काळात त्यांनी तेथील प्रताप हायस्कुलात शिकविले, छात्रालयातील मुलांची अंथरुणे घातली, आजारी मुलांच्या उशाशी रात्री काढल्या. मुलाच्या मनात शिरल्याखेरीज त्याला शिकविता येत नाही, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकावाचून ठाऊक होते. खानदेशातील शेतकऱ्यांचे आणि गिरणी कामगारांचे दुःख त्यांनी आपले मानले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच उतरून घेतली. ह्याच गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपविले. त्यांच्या जाण्याला चळवळीने निराशा म्हटले, वैराग्य म्हटले, स्वप्नभंग म्हटले. गुरुजींच्या मनाचे निदान आज इतक्या वर्षांनी कोणी करू नये. तो त्यांच्या स्मृतीचा अवमान होईल. परंतु एक गोष्ट सांगितली पाहिजे. साऱ्या महाराष्ट्राचे अश्रू पुसणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याची भाषा त्या काळी जवळ कोणापाशी नव्हती. त्यांच्यावर जिवापाड प्रेम करणारी माणसे थोडी नव्हती. उणीव प्रेमाची नव्हती, जाणिवेची होती. त्या काळी जीवन संपविण्याचा प्रयत्न हा गुन्हा होता. तसा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, हे तत्त्व २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने स्वीकारले. एवढ्या साध्या गोष्टीपर्यंत पोचावयास देशाला सदुसष्ट वर्षे लागली.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली गेली पाहिजे. पहिली गोष्ट : जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यात निदान एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय सुरू व्हावा. दुसरी : तो तासिका तत्त्वावर अर्धपोटी राबणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात न टाकता पूर्णवेळ, वेतनश्रेणीतील शिक्षक नेमावा. विद्यार्थी कमी म्हणून कार्यभार कमी, कार्यभार कमी म्हणून शिक्षक नाही आणि शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाहीत, हे दुष्टचक्र सरकारनेच तोडावयाचे आहे. तिसरी : विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या मुलांनाही हा विषय घेण्याची सोय प्रत्यक्षात मिळावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधील भिंती पाडण्याची भाषा आहे. ती भाषा खेड्यात कशी उतरते ते एकदा पाहावेच. चौथी : सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे समुपदेशकांची पदे निर्माण करून ती आश्रमशाळांपासून भरण्यास प्रारंभ करावा आणि स्थानिक बोली येणाऱ्यांना अग्रक्रम द्यावा. परीक्षेच्या हंगामात मंडळाने दूरध्वनीवर चार समुपदेशक बसविणे चांगलेच आहे. परंतु मुलाचे मन केवळ फेब्रुवारी-मार्चमध्येच खचत नाही.

ह्या मागण्या निवेदने देऊन मान्य होणार नाहीत, हे सांगावयास नकोच. संस्थाचालकांना विनाअनुदानित तुकड्यांत नफा दिसतो, मानसशास्त्रात दिसत नाही. सरकारला समुपदेशकाचे वेतन हा खर्च वाटतो. म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत कोणते विषय शिकविले जातात, किती शिक्षक पूर्णवेळ आहेत, समुपदेशकाचे पद आहे की नाही, ह्याची पाहणी करून ती पालकांसमोर आणि पंचायत समितीसमोर मांडावी. सेवा दलाच्या शाखांत आणि युवक मंडळांत मनाच्या आरोग्यावर अभ्यासवर्ग घ्यावेत. त्यासाठी विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवावे. अभ्यासवर्गात भांडवलाचा विचार होतो, जातीचा होतो, मनाचाही व्हावा. रात्रंदिवस राबून अकाली विझून गेलेले कार्यकर्ते चळवळीने कमी पाहिलेले नाहीत. त्यांच्याकडे कोणी पाहावयाचे?

बारावीचा एक विषय ही वरकरणी लहान गोष्ट आहे. परंतु तो विषय कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, ह्यावरून समाज कोणाच्या मनाला किंमत देतो हे कळते. आजपर्यंत खेड्यातील, पाड्यावरील मुलाचे हात समाजाला हवे होते. त्याचे मत हवे होते. त्याला मनही आहे, हे समाजाच्या हिशेबात नव्हते. समतेची लढाई तो हिशेब दुरुस्त केल्याशिवाय पुरी होणार नाही.